गॉटहार्ड खिंड सायकलने : त्रेमोलाचा जुना रस्ता

स्वित्झर्लंडमधील गॉटहार्ड खिंड आपण प्रथमच चढणार असाल, तर दक्षिण पायथ्याच्या आयरोलो गावाहून निघून एकोणिसाव्या शतकात घोडागाड्यांसाठी बांधलेल्या त्रेमोलाच्या दगडी रस्त्यानेच वर जावे; नवा रस्ता गुळगुळीत असला तरी तिथे मोटारींचा त्रास फार.

साधारण बारा-तेरा किलोमीटरमध्ये सुमारे ९०० मीटर चढाई असून सरासरी चढ सात टक्क्यांच्या आसपास आहे, म्हणून सुरुवातीला दम राखावा. अरुंद वळणांची माळ वरच्या टप्प्यात लागते आणि फरसबंदीवर उभे राहून पॅडल मारल्यास मागचे चाक घसरते. तेव्हा बसूनच, हलक्या गिअरवर चढावे. टायर किमान २८ मिलिमीटरचे, हवा नेहमीपेक्षा किंचित कमी.

ओल्या दगडांवरून उतरणे मात्र टाळावे; पलीकडच्या, उत्तरेकडील अँडरमॅट गावाच्या बाजूने उतरावे, जॅकेट घालून.