चंबळमधला डॉल्फिन उडी का मारत नाही?

ताई, तुम्ही लिहिलंय की मुरैन्याजवळ चंबळमध्ये बोटीत बसलात, घडियाल भरपूर दिसले पण डॉल्फिन म्हणजे नुसती करडी पाठ वर आली आणि गायब, उडी नाही की काही नाही, लेक हिरमुसली, आणि नावाडी म्हणाला तो आंधळा असतो, मग तो आजारी होता का. अहो नाही, चांगला धडधाकट असणार. आपल्या ग्वाल्हेरपासून इतक्या जवळ तो दिसला हीच मोठी गोष्ट आहे, लेकीला हे नक्की सांगा.

टीव्हीवर उड्या मारतात ते समुद्रातले. आपला हा गंगेचा डॉल्फिन, इकडचे लोक सूंस म्हणतात, तो अगदी वेगळ्या आणि फार जुन्या घराण्यातला. तो वर येतो ते श्वासापुरता, कारण मासा नाही ना तो, फुप्फुसं आहेत त्याला. अर्ध्या ते दोन मिनिटांतून एकदा यायचं, फुस्स करून हवा सोडायची, नवी भरायची की परत खाली, सगळं सेकंदाभरात.

आंधळा म्हणतात ते जवळपास खरंय. डोळा अगदी बारीक आणि त्यात भिंगच नाही, उजेड आणि अंधार एवढंच कळतं. गढूळ पाण्यात डोळे असून करायचंय काय, म्हणून सगळा कारभार आवाजावर! जवळजवळ सारखी टिकटिक चालू असते, ती माशावर आपटून परत येते आणि खालच्या जबड्यातून कानापर्यंत पोचते. मला सगळ्यात भारी वाटतं ते त्याचं कुशीवर पोहणं. उथळ पाण्यात एका अंगावर आडवा होतो, पर तळाला घासत जातो आणि लांब चोचीने मासे हुडकतो, शिवाय मानेचे मणके सुटे असल्यामुळे डोकं हवं तसं वळतं, समुद्रातल्या बहुतेक भावंडांना एवढं जमत नाही.

आता इतकं सगळं कानावर चालतं म्हटल्यावर इंजिनाच्या आवाजाने त्याचं काय होत असेल बघा. त्यात नायलॉनची बारीक जाळी त्याला टिकटिकीनेही नीट कळत नाहीत, अडकला की वर येता येत नाही आणि पाण्यातला प्राणी बुडून मरतो, हे वाचलं तरी पोटात तुटतं. मादीला दोन-तीन वर्षांतून एकच पिल्लू होतं, म्हणजे गेलेला एकेक भरून यायला किती वेळ लागतो. 2009 मध्ये त्याला राष्ट्रीय जलचर ठरवलं, 2021 ते 23 च्या मोजणीत देशभरात नद्यांमधले डॉल्फिन मिळून 6,327 निघाले आणि त्यातले 3 तर पंजाबातल्या बियास नदीतले सिंधू डॉल्फिन, म्हणजे दुसऱ्या जातीचे. चंबळपुरतं बोलायचं तर माझ्या मते पाण्याचा प्रश्न जास्त मोठा आहे. वर गांधीसागरपासून कोटा बॅरेजपर्यंत पाणी अडवलंय, उन्हाळ्यात धार पार रोडावते आणि हे बिचारे खोल डोहांमध्ये अडकून राहतात.

परत जाल तेव्हा हिवाळ्यात जा आणि जमलं तर खाली भिंडकडे, अटेरच्या बाजूला बघा. डोह आला की नावाड्याला इंजिन बंद करायला सांगा आणि बोट तिथेच राहू द्या. एकदा वर आला की पुढची दोन मिनिटं त्याच पट्ट्यावर नजर ठेवा, फोटोच्या नादी लागू नका, फोन धरेपर्यंत तो खाली गेलेला असतो.