बुट्टीच राहू दे

वाचक विचारतात, बाई सांगतात. या वेळी कविता एकाकडून दुसऱ्याकडं पोहोचवण्याविषयी.

प्रश्न : बाई, सप्रेम नमस्कार. मी बेळगावच्या वडगावात राहते, शिवणकाम करते. कवितेच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये चार वर्षं आहे. अडीचशेच्या आसपास माणसं, रोज तीस-चाळीस कविता. जो तो आपली कविता टाकतो, दुसऱ्याच्या कवितेखाली दोन हात जोडतो आणि जातो. मागच्या महिन्यात आमच्याच गल्लीतल्या, कापड विणायचा माग असलेल्या घरातल्या एका मुलीनं पहिल्यांदा कविता टाकली. मला ती एवढी आवडली की 'अप्रतिम, सगळ्यांनी वाचा' असं लिहून मी दोनदा पुन्हा टाकली. कुणी काही बोललं नाही. एकानं तेवढं सुचवलं, 'बुट्टी हा शब्द अशुद्ध आहे, टोपली करा.' तेव्हापासून मुलगी गप्प आहे. चांगली कविता लोकांपुढं ठेवायची तरी कशी? तिला विचारून चार ओळी देते :

बुट्टीभर कांड्या भरे
दिवा लागेस्तोवर ती
माग थांबला तरीही
हात बोलत राहती

– एक वाचक, वडगाव

उत्तर : तुमचं पत्र आलं त्या दिवशी या चार ओळी मी स्वयंपाकघरात, अंगणात, पुन्हा रात्री दिवा मालवताना म्हणून बघितल्या. आधी बुट्टीचं बघू, कारण मुलीला लागलंय ते तिथं.

ही अष्टाक्षरी आहे. बोटांवर मोजा : बु-ट्टी-भ-र-कां-ड्या-भ-रे. आठ. आता टोपली घाला : टो-प-ली-भ-र-कां-ड्या-भ-रे. नऊ. शब्द शुद्ध करायला गेले आणि ओळ लंगडी झाली. शिवाय बुट्टी अशुद्ध कशानं? कोल्हापूरपासून खानापूरपर्यंत बायाबापड्या बुट्टीच म्हणतात. कानडीशी नातं आहे म्हणून नको असेल, तर अण्णा, अक्का, अडकित्ता हेही कानडीतूनच आलेत, असं आपण शाळेत व्याकरणाच्या तासाला पाठ केलंय. ते शब्द कुणी घरातून हाकलले नाहीत. कांड्या, म्हणजे मागासाठी सूत गुंडाळलेल्या नळ्या, ज्यात भरून ठेवतात ती वस्तू त्या घरात ज्या नावानं हाक मारली जाते, तेच नाव कवितेत आलं पाहिजे. मुलीला माझा निरोप द्या, बुट्टीच राहू दे.

आता तुमचा प्रश्न. तुम्ही 'अप्रतिम' लिहिलंत ते मनापासून, यात मला शंका नाही. पण त्या दिवशीच्या चाळीस कवितांपैकी तीसांखाली तोच शब्द असणार. वाचणाऱ्यानं तुमचा अप्रतिम वेगळा कसा ओळखायचा? कवितेची शिफारस करायची म्हणजे तिची स्तुती करायची असं आपण धरून चालतो. माझं मत वेगळं आहे. तुम्हाला जे ठाऊक आहे आणि वाचणाऱ्याला नाही, तेवढं त्याच्या हातात ठेवायचं आणि बाजूला व्हायचं.

तुम्हाला काय ठाऊक आहे? तुम्ही वडगावच्या आहात. मी शाळेत शिकवत होते तेव्हा पोरं चार-आठ दिवस आली नाहीत की त्यांच्या घरी जायची. वडगाव, खासबाग, शहापूरच्या गल्ल्यांत शिरलं की मागांची खटखट छातीत वाजते. एका घरात मी दारात उभी राहून मुलीच्या आईला हाका मारल्या, तिला एकही ऐकू आली नाही. मुलीनं आईच्या नजरेपुढं नुसता तळहात आडवा हलवला आणि माझ्याकडं बोट केलं. आईनं दोन बोटं उचलून खुणेनंच मला थांबायला सांगितलं, मग अंगठा ओठांशी नेऊन मुलीला चहा ठेवायला सांगितला. तोंडातून शब्द नाही. बोलणं सगळं हातांचं. माग बंद करून ती बाहेर आली, माझ्याशी बोलायला लागली, तरी प्रत्येक शब्दाबरोबर तिचे हात हलत होते.

म्हणून तुमच्या मुलीची शेवटची ओळ वाचून मी थबकले. 'हात बोलत राहती' ही त्या घरात रोज दिसणारी गोष्ट आहे. पण लातूरच्या नाहीतर ठाण्याच्या माणसानं मागाची खोली पाहिलेली नसते. त्याला ती ओळ नुसती छान कल्पना वाटते आणि तो पुढं सरकतो. तेव्हा कविता पुन्हा टाकाल तेव्हा तिच्यावर एवढंच लिहा :

'मागाच्या खोलीत खटखटीमुळं बोललेलं ऐकू येत नाही, बाया दिवसभर हातांच्या खुणांनी बोलतात. हे लक्षात ठेवून शेवटची ओळ वाचा.'

बस. अर्थ उलगडून सांगू नका, 'डोळ्यांत पाणी आलं' असंही नको. पाणी यायचं असेल तर त्याच्या त्याच्या डोळ्यांत येऊ द्या.

आणि अडीचशे जणांना एकदम सांगू नका. सगळ्यांना सांगितलेलं कुणालाच सांगितल्यासारखं नसतं. तीन माणसं निवडा. एक, ज्याच्या घरी माग होता. एक, जो अष्टाक्षरी चांगली लिहितो. एक, ज्याला कवितेचं काही पडलेलं नाही पण ज्याची आई दिवसभर काम करायची. तिघांना वेगवेगळं पाठवा आणि तुलाच का पाठवते आहे ते एका वाक्यात लिहा. त्यातला एक जरी मुलीला उलटून काही विचारेल, 'कांडी म्हणजे काय गं?' एवढं जरी, तरी दोनशे जोडलेल्या हातांपेक्षा ते तिला जास्त पोचेल.

काही बारीक गोष्टी, पण यांनीच कविता वाया जातात. कवयित्रीचं नाव कवितेच्या वर लिहा, शीर्षकाखाली. आपण सवयीनं शेवटी लिहितो. कविता लांब असेल तर फोनवर अर्धी दिसते, उरलेली 'आणखी वाचा' दाबल्यावर. नाव त्या खालच्या भागात राहतं आणि कॉपी करणाऱ्याकडून पहिल्यांदा तेच गळतं. दुसरं, लांब ओळी छोट्या पडद्यावर भलतीकडंच मोडतात. वाचणाऱ्याला वाटतं, कवीनंच तिथं ओळ तोडली. अष्टाक्षरीला तो धोका कमी, मुक्तछंदाला फार. तिथं वहीच्या पानाचा फोटो बरा. आणि ज्यांना डोळ्यांचा त्रास आहे अशांसाठी मुलीच्याच आवाजात वाचून पाठवा, तिची तयारी असेल तर.

नाव गळण्याचं मी एवढ्या पोटतिडकीनं लिहिते, कारण ते माझ्या हातून झालंय. चिकोडीकडच्या एका शेतकऱ्याची उसावरची कविता मी घाईत कॉपी करून एका ग्रुपवर टाकली, शेवटची ओळ निवडायची राहिली, आणि नाव त्याच ओळीत होतं. आठ-दहा महिन्यांनी ती कविता त्यांच्याच फोनवर परत आली. वर दोन बाण. संदेश पाच किंवा जास्त हातांतून पुढं गेला की ते दोन बाण दिसतात. आणि खाली लिहिलेलं, 'कवी : अज्ञात'. त्यांनी मला फोन केला. ओरडले नाहीत. 'बाई, मी अज्ञात कधी झालो?' एवढंच विचारलं. मी जिथं जिथं टाकली होती तिथं नाव घालून पुन्हा पाठवली, पण पुढं गेलेल्या कवितेला कोण परत बोलावणार? त्या दिवसापासून कुणाचीही कविता पुढं पाठवताना मी आधी नाव लिहिते, मग कविता. विचारते तर नेहमीच. कायदाही कवीच्या बाजूनं आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणं कविता लिहिली की हक्क आपोआप कवीचा होतो, नोंदणी लागत नाही, आणि तो त्याच्या हयातीत व मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. वडगावच्या मुलीलाही तो तेवढाच आहे.

आणखी एक. कौतुक करताना तिला कुणासारखी म्हणू नका. बेळगावात कुणी मुलगी बरी कविता लिहायला लागली की आपण पटकन म्हणतो, 'ही पुढची इंदिरा संत.' इंदिराबाई आपल्या गावात राहिल्या, आपल्याला त्यांचा अभिमान आहे, ते बरोबरच. पण मी एकदा एका मुलीची ओळख कार्यक्रमात अशी करून दिली आणि तिनं पुढं वर्षभर काही लिहिलं नाही. नंतर म्हणाली, 'बाई, मला भीती वाटली.' तिची चूक नव्हती.

मुलगी गप्प आहे ना? ती तुमच्याच गल्लीत आहे. फोन ठेवा आणि संध्याकाळी माग थांबल्यावर तिच्याकडं जा. तिला कविता मोठ्यानं वाचायला सांगा. थंडीच्या दिवसांत कडोली, येळ्ळूर, उचगाव, बेळगुंदीला साहित्य संमेलनं भरतात, तिथं कविसंमेलन असतं. तिला आवडणार असेल तर संयोजकांकडं नाव सुचवा. आधी तिला विचारा, मग त्यांना.

प्रश्न : माझा जिवलग मित्र रोज एक कविता लिहितो आणि 'चार ग्रुपवर पाठव, तुझं लोक ऐकतात' म्हणून माझ्या मागं लागतो. खरं सांगायचं तर मला त्या कविता आवडत नाहीत. नाही म्हटलं तर दोस्ती तुटेल.
– निपाणी

उत्तर : तुमचं लोक ऐकतात, कारण आजवर तुम्ही न आवडलेलं पाठवलं नसणार. ते जपा. मित्राला सांगा, 'मला आवडलेलीच मी पाठवतो, तुझी आवडली की न सांगता पाठवीन.' आणि त्याच्या कविता खरोखर वाचत राहा, कंटाळून सोडू नका. रोज लिहिणाऱ्याच्या वहीत महिन्याला एक तरी ओळ जिवंत निघते. ती सापडली की त्याला ती ओळ दाखवा, पूर्ण कविता नव्हे, ती एकच ओळ, आणि तिथं का थांबलात ते सांगा. आजवर असं कुणी त्याला सांगितलं नसेल. दोस्ती याच्यानं तुटत असेल असं मला वाटत नाही.

प्रश्न : बाई, मी खानापूरची. आमच्या शेजारच्या अक्का कानडीत कविता करतात. परवा त्यांनी मलप्रभेच्या पुरावर लिहिलेली वाचून दाखवली, अर्थ समजावला, माझ्या अंगावर काटा आला. ही आमच्या मराठी ग्रुपवर देऊ का? लोक काही बोलतील अशी धास्ती वाटते.

उत्तर : द्या. बोलणारे बोलतील, मला त्याची कल्पना आहे. मराठीसाठी या भागानं जे सोसलं ते मी जवळून पाहिलंय, आमच्या घरातही सोसलंय. १९४६ साली बेळगावच्या साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला, त्या आठवणी माझे वडील शेवटपर्यंत सांगायचे. तेच वडील शेजारच्या घरातली वचनं, म्हणजे कानडी संतांच्या रचना, ऐकायला ओट्यावर बसायचे. एकामुळं दुसरं कमी झालं नाही. धारवाडचे द. रा. बेंद्रे घरी मराठी बोलायचे आणि कविता कानडीत लिहायचे, १९७३ चा ज्ञानपीठ त्यांना कानडी कवितेसाठी मिळाला. आपल्या मातीत हे नवं नाही.

फक्त रीत सांभाळा. अक्कांना विचारा, त्यांचं नाव वर घाला. मूळ कानडी ओळी देवनागरीत लिहा, म्हणजे ज्यांना लिपी येत नाही त्यांना निदान नाद कळेल. खाली साधा मराठी अर्थ द्या. यमक जुळवत बसू नका, जुळवताना अक्कांची ओळ जाईल आणि तुमची येईल. ज्या शब्दाला मराठी सापडला नाही तो तसाच ठेवा. कणकुंबीला उगम पावणारी नदी खानापुरात कशी फुगते ते तुमच्या ग्रुपमधल्या निम्म्या लोकांनी पाहिलंय. ते पाणी ते ओळखतील.

प्रश्न : आमच्या ग्रुपमध्ये रोज चारोळी स्पर्धा असते, सर्वोत्कृष्ट, उत्कृष्ट, प्रथम असं रंगीत सन्मानपत्र मिळतं. माझ्याकडं १४० झाली. आता तेच संयोजक पैसे भरून प्रातिनिधिक संग्रहात कविता द्या म्हणतात. देऊ का?
– संकेश्वर

उत्तर : पैसे भरण्याआधी तीन गोष्टी लेखी विचारा : किती प्रती छापणार, तुम्हाला किती मिळणार, आणि निवड कोण करणार. तिसऱ्याचं उत्तर 'सगळ्यांच्या घेतो' असं आलं तर पैसे घरात ठेवा. सन्मानपत्रांबद्दल काही बोलत नाही, ती तुम्हाला आनंद देतात. पण त्या १४० चारोळ्यांमधली तुमच्या घरातल्या कुणाला तोंडपाठ आहे, ते एकदा बघा. असेल तर ती मला पाठवा.

प्रश्न : मी नववीत आहे, काकतीला राहते. पहिली कविता मैत्रिणींच्या ग्रुपवर टाकली. सगळ्यांनी बघितली, कुणी काहीच बोललं नाही. काढून टाकू का?

उत्तर : काढू नकोस, बाळ. मैत्रिणींना काय बोलायचं ते सुचलं नसेल, तुझ्या वयात मलाही सुचत नव्हतं. त्यातल्या एकीला एकटीला विचार, 'यातली कुठली ओळ तुला समजली नाही?' चांगली कुठली ते विचारू नकोस. आणि ती कविता मासिकाच्या पत्त्यावर मला पाठव. वहीतलं पान फाडू नकोस, दुसऱ्या कागदावर उतरव, नाव वर लिही.