वाफ्यात पुदिना, ब्राह्मी, गुळवेल बेसुमार पसरलीये, आवरायची कशी?

तुम्ही लिहिलंय की पुदिना, ब्राह्मी, तुळस, गवती चहा सगळं एकाच वाफ्यात लावलं, गुळवेल डाळिंबावर सोडली, आणि आता पुदिन्याने तुळस पार दाबून टाकलीये, खुरपून काढला तरी परत दुपटीने येतो. तर आधी ते खुरपणं थांबवा प्लीज. पुदिना जमिनीखालून आडव्या खोडांनी पसरतो, त्या खोडाला पेऱ्यापेऱ्यावर डोळे असतात, खुरप्याने त्याचे तुकडे झाले की पेरं असलेला तुकडा नवीन रोप होतो, म्हणजे तुम्ही काढत नाही आहात, लावताय.

त्याऐवजी माती चांगली ओली असताना बागकामाच्या काट्याने (फोर्कने) सैल करा आणि हाताने ओढा, लांबच्या लांब दोऱ्या अख्ख्या निघतात. पांढरट जाड असतात, लगेच ओळखू येतात. काढलेलं कंपोस्टमध्ये टाकू नका, गच्चीवर कडक उन्हात कुरकुरीत होईपर्यंत वाळवा आणि मग टाका. एकदा काढून भागणार नाही, काही कोंब परत येतीलच, ते दोन पानांवर असतानाच उपटत राहायचं. आणि एप्रिल-मेमध्ये त्या भागाचं पाणीच बंद ठेवा, आपल्याकडच्या उन्हात कोरड्या मातीत पुदिना फार तग धरत नाही, तुमचं निम्मं काम ऊनच करतं.

मग पुदिना लावायचाच नाही का? लावा की, चटणीला हवाच! फक्त त्याला भिंत द्या. रंगाची जुनी २० लिटरची बादली असते ना, ती स्वच्छ धुवून बूड कापून टाका आणि वाफ्यात पुरा, काठ जमिनीच्या वर दोन इंच राहिला पाहिजे, कारण वरून सुद्धा त्याच्या फांद्या बाहेर झुकतात आणि टेकल्या की मूळ धरतात. खाली साधारण फूटभर भिंत पुरते, त्याची खोडं बहुतेक वरच्या थरातच फिरतात. कुंडीत लावलात तर कुंडी फरशीवर ठेवा, मातीवर ठेवलीत तर तळाच्या भोकातून बाहेर पडतो.

ब्राह्मीचं गणित वेगळं आहे, ती मातीच्या वरून सरपटते आणि पेऱ्यापेऱ्याला मुळं टाकते. नर्सरीत ब्राह्मी म्हणून बरेचदा मंडूकपर्णी देतात (गोल, कंगोरेदार पानाची), पण तीही तशीच सरपटते त्यामुळे उपाय एकच. दोघींना ओल हवी, म्हणून त्यांना पसरट टबात वेगळं ठेवा आणि मुख्य वाफा जरा कोरडा ठेवा. जास्त पाण्याने तुळशीलाही त्रासच होतो, तेव्हा दोन्ही कामं होतात.

गुळवेलीबद्दल मात्र मी कळकळीने सांगतोय, डाळिंबावरून ती आजच उतरवा. एवढ्याशा झाडाला ती झाकून टाकते, ऊन मिळत नाही, फांद्या वाकतात. तिला कडुनिंब द्या, मोठं झाड पेलतं, नाहीतर तारेचा मांडव. नुसतं बुंध्याशी कापून सोडून देऊ नका, वर लोंबकळणारा तुकडा जिवंत राहतो आणि दोऱ्यासारखी मुळं खाली सोडतो, ती मातीला टेकली की झालं. उन्हाळ्यात तिची पानं गळतात तेव्हा कुठून कुठे गेलीये ते स्पष्ट दिसतं, मोठी छाटणी तेव्हा करा, आणि तुकडे तिथेच पडू देऊ नका.

गवती चहाला उगाच घाबरू नका, त्याचं बेट जागच्या जागी मोठं होतं, पळत नाही. तुमच्याकडे बाहेरून हरळी घुसत असेल तर कडेला वाळा दाट लावा, त्याची मुळं सरळ खोल जातात आणि बुंधे इतके घट्ट होतात की हरळीला आत शिरणं अवघड जातं.

तणनाशक कोणी सुचवलं तर ऐकू नका, ही पानं आपण खातो, काढ्यात घालतो. तुळशीच्या मंजिऱ्या सुकायच्या आत खुडल्या की तिची रोपं वाफाभर उगवत नाहीत. बादली पुरायचं काम मात्र मेअखेर उरकून घ्या, एकदा जूनचा पाऊस लागला की पुदिना तुम्हाला खड्डा खणायलाही जागा ठेवणार नाही.