डाळ बंद, बीपी तिथेच

सातपूरच्या कारखान्यात सुपरवायझर असलेले एक गृहस्थ, वय ४८. युरिक ॲसिड ८.४, बीपी १५०/९४, सांधे कधीच दुखले नाहीत. प्रश्न एकच : "युरिक ॲसिड उतरलं की बीपीची गोळी सुटेल ना?" युरिक ॲसिड उतरावं म्हणून बायकोने महिनाभर तूरडाळ, मटकी, पालक बंद केलेलं. रविवारची मिसळही गेली. नाशिककराच्या घरात हे सुतकच!

दोन्हींचा संबंध आहे, पण सरळसोट नाही. जवळपास दोन तृतीयांश युरिक ॲसिड मूत्रपिंडांवाटे बाहेर पडतं. बीपीने त्यांच्यावर ताण आला की ते साठतं. उलट बाजूने, २००८ साली अमेरिकेत नव्याने बीपी निघालेल्या ३० किशोरवयीनांना युरिक ॲसिड उतरवणारं ॲलोप्युरिनॉल दिलं, तर बीपी उतरलं. मोठ्या माणसांत मात्र तसा भरवसा दिसलेला नाही. त्यामुळे सांधे दुखत नसतील, मुतखडाही नसेल, तर नुसत्या आकड्यासाठी सहसा युरिक ॲसिडची गोळी देत नाहीत.

मग त्यांची बीपीची स्ट्रिप पाहिली. टेल्मिसार्टनसोबत हायड्रोक्लोरोथायझाइड १२.५ मिलिग्रॅम. खरी गोम इथे. लघवी वाढवणाऱ्या या हायड्रोक्लोरोथायझाइडने युरिक ॲसिड चढतं. लोसार्टन या बीपीच्याच दुसऱ्या औषधाने थोडं उतरतं. गोळी स्वतःहून बंद करायची नाही, पण "माझं युरिक ॲसिड ८.४ आहे, ही गोळी बदलता येईल का?" एवढं डॉक्टरांना विचारायला सांगितलं.

डाळी, मटकी, पालक ताटात परत आणायला सांगितले. यातल्या प्युरीनने (ज्यापासून शरीरात युरिक ॲसिड बनतं) गाउटचा, म्हणजे युरिक ॲसिडमुळे सांधे दुखण्याचा, धोका वाढल्याचं दिसत नाही. कमी करायची ती शनिवारची बिअर आणि कँटीनचं कोल्ड्रिंक. मिसळीत मटकी निर्दोष. बीपीला नडतं ते फरसाण-पापडातलं मीठ. दिवसभराचं मीठ सगळं धरून ५ ग्रॅम, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा.

बीपी ते जिना चढून आल्या आल्या, हात लोंबता ठेवून मोजत. तसा आकडा फुगतोच. पाच मिनिटं पाठ टेकून बसा, हात टेबलावर छातीच्या उंचीला, एका मिनिटाच्या अंतराने दोनदा; सकाळ-संध्याकाळ, सात दिवस. पहिला दिवस सोडून सरासरी काढा. घरी १३५/८५ च्या खाली हवी.

डॉक्टरांनी गोळी बदलली. दीड महिन्याने युरिक ॲसिड ७.१, घरची सरासरी १३२/८४. बीपीची गोळी सुटली नाही. मिसळ सुरू झाली, पापड शेजाऱ्याच्या ताटात जातो.