मिग-21 रिटायर झालं म्हणून एफडी मोडायची का?

प्रश्न डोंबिवलीहून आलाय. वय 36, ऑफिस बीकेसीत, हातात पगार 82 हजार, त्यातून होम लोनचा हप्ता 31, घरखर्च 35, एसआयपी 10, आणि अडीअडचणीसाठी 2 लाख 40 हजारांची एकच एफडी. पार्ल्याचे एक काका घर आवरतायत, त्यांच्याकडची फायटर विमानांची 14 डायकास्ट, म्हणजे धातू साच्यात ओतून केलेली, मॉडेल्स, मिग-21, जॅग्वार, मिराज, सुखोई सगळी 1:72 मधली म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्श्याएवढी, 1 लाख 60 हजारात एकगठ्ठा देतायत. मिग सप्टेंबर 2025 मध्ये रिटायर झालं, आता भाव वाढणारच, मग एफडी मोडून घेऊ का, असं विचारलंय.

एफडी मोडू नका. मॉडेल्स घ्या, पण सगळी नको.

तुमचा हप्ता आणि घरखर्च मिळून महिन्याला 66 हजार जातात, म्हणजे आज ती एफडी साडेतीन महिने पुरते. 1 लाख 60 काढले की उरतात 80 हजार, जेमतेम सव्वा महिना, आणि अशा वेळी नोकरी गेली किंवा घरात कुणाला अ‍ॅडमिट करावं लागलं तर विमानं विकून आठ दिवसात पैसे उभे राहत नाहीत हो, गिऱ्हाईक शोधण्यातच महिने जातात आणि घाईत विकणाऱ्याला भाव पाडूनच मागतात.

आता भाव वाढण्याबद्दल. हवाई दलात मिग-21 1963 ला आलं, 26 सप्टेंबर 2025 ला चंदीगडला निरोप झाला, 62 वर्षं, मन भरून येतं हे मलाही कळतं. पण रिटायर झालं ते खरं विमान, मॉडेल नाही. मिग-21 जगभरात दहा हजारांच्या वर बनली, कितीतरी देशांनी उडवली, म्हणून मॉडेल कंपनीकडे साचा एकदा तयार असला की रंग आणि शेपटीवरचा नंबर बदलून तेच विमान पुन्हा बाजारात आणता येतं. मागणी वाढलीय असं दिसलं की कंपनी नवीन बॅच काढणारच ना, आणि ती आली की जुन्याचा भाव बसतो. एफडीला साडेसहा टक्के धरले तरी पाच वर्षांत 1 लाख 60 चे साधारण 2 लाख 19 हजार होतात, म्हणजे तुम्हाला प्रत्येक मॉडेल सरासरी साडेपंधरा हजारांना विकावं लागेल, तेही पॅकिंग-कुरियरचा खर्च वेगळा.

एक गोष्ट मात्र तुमच्या बाजूची आहे. कस्टमच्या लेखी स्केल मॉडेल खेळण्यांच्याच गटात येतं, आणि खेळण्यांवरची मूळ आयात ड्युटी 2020 मध्ये 20 वरून 60 टक्के आणि 2023 मध्ये 70 टक्के केली. त्यामुळे बाहेरून नवीन मागवण्यापेक्षा इथल्या इथे चांगल्या हातातलं सेकंडहँड घेणं शहाणपणाचं आहे.

म्हणून काकांकडे जाऊन बघाच, पण दिवसाउजेडी. मूळ खोका आणि आतला साच्याचा ट्रे आहे का, मिसाईल, ड्रॉप टँक (पंखाखालच्या जादा इंधनाच्या टाक्या), लँडिंग गिअरची म्हणजे चाकांची झाकणं पूर्ण आहेत का, एक जरी बारीक पार्ट हरवला असेल तर तो सुटा मिळणं कठीण. उन्हात राहिलेल्याचा रंग उडतो, मार्किंग पिवळी पडतात. पंखाच्या मुळाशी केसासारखी चीर किंवा फुगवटा दिसला तर ते सोडून द्या, जुन्या झिंकच्या ओतकामात भेसळ असली की धातू आतून कुजत जातो आणि त्यावर उपाय नाही. आणि हो, जागा! सुखोई 1:72 मध्ये सुद्धा 30 सेंटीमीटर लांब, 20 रुंद. अशी 14 ठेवायला काचेचं बंद कपाट लागणार, पावसाळ्यात आत सिलिका जेल, तो खर्च त्या 1 लाख 60 मध्ये धरलेलाच नाहीये.

सगळं जाऊन तुमच्याकडे महिन्याला 6 हजार उरतात. त्यातले 3 हजार एफडीच्या शेजारी आरडीत टाका आणि 3 हजार या छंदाला बिनधास्त द्या, बायकोला सांगून. एकगठ्ठा भावाने एक मॉडेल साडेअकरा हजारांच्या आसपास पडतं, म्हणजे दर चार महिन्यांनी एक. पहिलं मिग-21 च घ्या, तुमचा जीव त्यातच आहे. काकांना स्पष्ट सांगा की सगळी नाही परवडत, दोन घेतो, एकाचे पैसे आत्ता आणि दुसऱ्याचे चार महिन्यांनी, ते हो म्हणतात का बघा. ज्यांनी इतकी वर्षं जपलीत त्यांना चांगलं घर मिळतंय याचंही काही असतं. क्रेडिट कार्डावर मात्र एकही घेऊ नका.