मिलानमध्ये बाळाचं रोमन नाव ठेवताना

ऑगस्टमध्ये मिलानला येताय, बाळ ऑक्टोबरात, आणि नाव प्राचीन रोमन किंवा ग्रीक हवंय: मार्कस, ऑक्टेव्हिया नाहीतर ऱ्हिया. नावांआधी दिवस मोजा. आपलं बारसं बाराव्या दिवशी. इथे जन्माची नोंद इस्पितळातच केली तर तीन दिवसांत आणि कोमुनेत, म्हणजे नगरपालिकेत, केली तर दहा दिवसांत करावी लागते. नाव त्याच नोंदीत जातं. उशीर झाला तर कारण द्यावं लागतं आणि तसं सरकारी वकिलांना कळवलं जातं. तेव्हा मुलाचं एक आणि मुलीचं एक अशी दोन नावं इस्पितळाची बॅग भरतानाच कागदावर लिहून ठेवा. नावरस अक्षर बघायचं असेल तर ते नाव पाळण्यातच राहू द्या.

यादीतलं ऱ्हिया आधी काढा. इटालियनमध्ये एचचा उच्चार होत नाही, त्यामुळे ते 'रेआ' असं वाचलं जाईल, आणि 'रेआ' म्हणजे अपराधी स्त्री. रोम वसवणाऱ्या रोम्युलसच्या आईचं नाव रेआ सिल्व्हिया होतं हे खरं, पण शाळेतली पोरं तिथवर जात नाहीत. त्याऐवजी माया घ्या. ग्रीक देव हर्मीसची आई माया. स्पेलिंग एम-ए-आय-ए करा, म्हणजे इटालियन माणूसही 'माया'च म्हणेल आणि साताऱ्याची आजीही. याहून चांगला जोड मला तरी दिसत नाही.

मार्कस, ऑक्टेव्हिया ही लॅटिन रूपं झाली. इथे आज मार्को आणि ओत्ताव्हिया चालतात. ऑक्टेव्हिया सी-टीने लिहिलंत तर प्रत्येक कारकून दोन टी घालणार आणि मुलीला जन्मभर ते दुरुस्त करत बसावं लागणार. मुलींसाठी सोपी वाट आहे. रोमन मुलीला बहुधा कुळाच्या नावाचंच स्त्रीलिंगी रूप मिळायचं: तुल्लिउस कुळातल्या सिसेरो या वक्त्याची मुलगी तुल्लिया. म्हणून लिव्हिया, फ्लाव्हिया, कोर्नेलिया ही नावं दोन हजार वर्षांत एका अक्षरानेही बदललेली नाहीत. अर्थ मात्र बघा. ओत्ताव्हिया म्हणजे आठवी, क्लाउदियाच्या मुळाशी लंगडा हा शब्द आहे, आणि सिसेरो हे नाव हरभऱ्यावरून आलंय.

मुलगा झाला तर आकारान्त नावांकडे लक्ष द्या. आंद्रेआ (ग्रीक 'पुरुष' या शब्दावरून) आणि एनेआ (ट्रॉयचा वीर ईनियस) ही इथे मुलांची नावं, पण पुण्यातल्या हजेरीपटावर ती मुलींची वाटतील. २०१२ मध्ये इथल्या सर्वोच्च न्यायालयाने आंद्रेआ हे नाव मुलीलाही ठेवता येईल असं ठरवलं, तरी बहुतेक आंद्रेआ मुलगेच. लूचोचं स्पेलिंग भारतात 'लुसिओ' वाचलं जातं, चेझारेचं 'सीझर'सारखं काहीतरी. उच्चार दोन्हीकडे एकच राहावा असं वाटत असेल तर तीतो, मार्को बरे.

आता सगळ्यात जास्त घोळ होतो तो वडिलांच्या नावाचा. रोमन माणूसही नावात 'मार्कुसचा पुत्र' असं लिहायचा, अगदी आपल्यासारखं मधेच. आजच्या इटालियन अर्जात मात्र ती जागाच नाही. नावाच्या रकान्यात 'लिव्हिया सुरेश' लिहिलंत की ते सगळं मुलीचंच नाव ठरतं. कोदिचे फिस्काले या सोळा अक्षर-अंकांच्या कर-क्रमांकातला नावाचा तीन अक्षरी भाग नावातल्या व्यंजनांवरून बनतो. व्यंजनं तीनपेक्षा कमी असतील तर स्वर घेतात. चार किंवा जास्त असतील तर पहिलं, तिसरं आणि चौथं. नुसत्या लिव्हियाचा भाग होतो एल-व्ही-आय, आणि लिव्हिया सुरेशचा एल-एस-आर. एका कागदावर एक आणि दुसऱ्यावर दुसरं गेलं की क्रमांक जुळत नाही आणि आरोग्यकार्डापासून बँकेपर्यंत सगळं अडतं. वडिलांचं नाव गाळा, ते वडिलांच्या रकान्यात असतंच. दोन नावं हवी असतील (तीनपर्यंत चालतात) तर मधे स्वल्पविराम देऊ नका. दिलात तर दाखल्यावर फक्त पहिलं येतं.

इथे जन्मलं म्हणून बाळाला इटालियन नागरिकत्व मिळत नाही. तेव्हा मिलानच्या भारतीय वाणिज्य दूतावासात वर्षाच्या आत जन्मनोंदणी करा, नाहीतर केंद्र सरकारची परवानगी लागते. कोमुनेतून बहुभाषिक जन्मदाखला घ्या आणि भारतीय अर्जात नाव त्यावरूनच, अक्षर न् अक्षर उतरवा.