कायदा होताच की, मग घटनेत कशाला?

प्रश्न: लेक न्यूयॉर्कला असते, २०२४ ला मतपत्रिका उलटून मागच्या ‘प्रपोझल १’ ला हो म्हणाली, म्हणजे राज्याच्या घटनेतल्या भेदभावबंदीच्या कलमात जेंडर आयडेंटिटी (माणूस स्वतःला स्त्री, पुरुष की आणखी काही मानतो ते) वगैरे घालायला. पण जेंडर आयडेंटिटीवरून भेदभाव करायचा नाही असा कायदा तिथे आधीच होता ना?

उत्तर: होता की ताई, २०१९ पासून. पण साधा कायदा पुढचे आमदार बहुमताने काढूही शकतात, घटनेतलं काढायचं तर मधे निवडणूक होऊन विधिमंडळात दोनदा पास करा, वर लोकांचं मतदान घ्या, म्हणजे डोकेदुखीच. घटनेतल्या १९३८ च्या भेदभावबंदीच्या कलमात फक्त वंश, रंग, पंथ, धर्म एवढंच होतं. वय, अपंगत्व, गर्भधारणासुद्धा या प्रपोझलनेच आलं. विरोधकांनी मुलींच्या खेळांत ट्रान्स मुली येतील यावरून, पालकांच्या हक्कांवरून रान उठवलं, मजकुरात मात्र खेळ हा शब्दच नाही (वाचतो कोण म्हणा!). पण कोर्टात अर्थ कसा लागेल ही शंका अगदीच फालतू नव्हती. लोकांनी तरी पास केलं.